संडासाची कडी आणि केसपेपरवरचं इंग्रजी

माझी भाची पंधरा वर्षांची असताना एका रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात चोवीस दिवस होती. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, कागदोपत्री तिचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे तिच्या वतीने अर्ज आणि संमती देणारा. प्रतिनिधी पुरुष आणि पेशंट अल्पवयीन मुलगी असेल तर सोबतीला बाई हवी, असं कायदाच सांगतो. वहिनी शाळेत शिकवते. मार्च महिना, बोर्डाच्या परीक्षा, रजा मिळेना. म्हणून मी गेले. आत्या म्हणून गेले आणि रजिस्टरवर ‘फीमेल अटेंडंट’ झाले.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पोरगी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. रात्रीचं जेवण नुसतं चिवडते, दूध ओठाला लावत नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेलं, ओठ फुटलेले, तरी पेला पुढे केला की तोंड भिंतीकडे. मी समजावलं, रागावले आणि पाचव्या दिवशी ‘आता नाटकं पुरे झाली’ असंही म्हणाले. लपवण्यात अर्थ नाही. सिस्टरही तेच म्हणत होत्या, जरा गोड शब्दांत.

सहाव्या रात्री दिवे मालवल्यावर तिने विचारलं, ‘आत्या, मी आत जाईन तेव्हा तू दाराशी उभी राहशील?’

वॉर्डाच्या संडासाला आतून कडी नव्हती. ती मुद्दाम काढलेली होती आणि काढली ते बरोबरच होतं. अशा वॉर्डात कुणी स्वतःला आत कोंडून घेऊ नये म्हणून ही काळजी घ्यावीच लागते. पण कडी काढल्यावर तिच्या जागी काय, याचा विचार कुणी केला नव्हता. दार नुसतं टेकायचं. समोरून येण्याजाण्याची वाट. संध्याकाळ झाली की भेटायला येणारे बाप्ये, थर्मास घेऊन फिरणारे नातेवाईक, ट्रॉली ढकलणारे वॉर्डबॉय. पंधरा वर्षांच्या मुलीने त्यावर काढलेला तोडगा अगदी सरळ होता. गर्दीच्या वेळी जावंच लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही.

त्या रात्री मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. ती बाहेर आली, पेलाभर पाणी प्यायली, आणखी एक पेला मागितला.

पुढे दोन दिवसांनी रक्ततपासणीला नेताना तिची फाइल माझ्याच हातात दिली होती. वाचू नये हे कळतं, पण वाचली. ‘रिफ्यूझिंग ओरल फ्लुइड्स. अनकोऑपरेटिव्ह. अटेन्शन सीकिंग.’ तीन दिवस, तीन ड्युट्या, तीन वेगवेगळी अक्षरं आणि शब्द तेच. जी मुलगी कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून तहानलेली राहत होती, तिच्या नावावर ‘लक्ष वेधून घेते’ असा शेरा पडला होता.

मी सकाळच्या सिस्टरना कडीचं सांगितलं. भल्या बाई होत्या, ऐकून हळहळल्या. ‘अगं बाई! मग सांगायचं ना तिने!’

या ‘सांगायचं ना’वरच मला हा लेख लिहायचा आहे. सांगायचं कुणाला? डॉक्टरांचा राउंड सकाळी यायचा, मागे पाच-सहा विद्यार्थी. प्रश्न मला विचारले जायचे: ‘काल झोपली का ही? जेवली का? चिडली का कुणावर?’ ती समोर पलंगावर बसलेली असायची आणि तिच्याबद्दल तृतीयपुरुषी बोलणं चालायचं. सिस्टरना सांगायचं तर फोन त्यांच्या ताब्यात, बाहेर बागेत जायची परवानगी त्यांच्या हातात, आणि दोन्ही गोष्टी ‘चांगलं वागलीस तर’ या अटीवर. बापाला सांगायचं तर दाखल करण्याच्या अर्जावर सही बापाचीच. उरले मी, आणि मी आदल्याच दिवशी ‘नाटकं’ म्हणून बसले होते.

केसपेपरवरच्या या इंग्रजीचा मला नंतर बराच काळ राग येत राहिला. मग एक गोष्ट ध्यानात आली. हे शब्द वैद्यकशास्त्रातून आलेले दिसतात, पण आले आहेत ते आपल्याच स्वयंपाकघरातून. ‘अटेन्शन सीकिंग’ म्हणजे नाटकं करते. ‘मॅनिप्युलेटिव्ह’ म्हणजे लबाड आहे, बापाला बरोबर गुंडाळते. ‘नॉन-कम्प्लायंट’ म्हणजे ऐकत नाही. ‘पुअर मोटिव्हेशन’ म्हणजे हिला बरंच व्हायचं नाही. घरी आजी जे म्हणते तेच इस्त्रीचे कपडे घालून फाइलीत बसतं. फरक एवढाच की आजीचं बोलणं रात्रीपर्यंत विरतं. फाइलीतलं पुढच्या ड्युटीला वाचून दाखवतात, आणि पुढची सिस्टर मुलीला भेटण्याआधी त्या शब्दांना भेटते.

बाजूच्याच इमारतीत बालरोग विभाग होता. तिथे दम्याच्या पोराला औषध लागू पडलं नाही की डॉक्टर औषध बदलतात. ‘याची बरं होण्याची इच्छाच नाही’ असं कुणी लिहीत नाही. डेंग्यूचं मूल किरकिर करत असेल तर ‘किरकिर करतं’ एवढीच नोंद होते आणि ताप मोजला जातो. मनाच्या आजारात मात्र उपचार फसला की पेशंटचा स्वभाव पुढे येतो. वॉर्डाच्या तक्त्यात रक्तदाबाचा रकाना असतो, किती खाल्लं, किती झोप झाली, पेशंट कसा वागला याचेही रकाने असतात. वॉर्ड कसा वागला याला रकाना नसतो. त्यामुळे वॉर्डाची चूक लिहायला जागाच उरत नाही. ती कुठेतरी लिहिली तर जातेच, मग ‘पेशंट कसा वागला’ याच रकान्यात जाऊन पडते. यात कुणाचा दुष्टपणा असायची गरज नाही. कडी काढणारा सुतार, नोंद करणारी सिस्टर, राउंड घेणारे डॉक्टर, सगळे आपापलं काम चोख करत होते.

आता कायद्याकडे येते, कारण आपला कायदा याबाबतीत वाटतो त्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे आणि नेमक्या एका जागी कच खातो.

जुना कायदा १९८७ चा. त्यात पालकाने अर्ज करून मुलाला दाखल केलं की त्या मुलाला नाव होतं ‘स्वेच्छा रुग्ण’. इच्छा पालकाची, दाखल मूल आणि शिक्का ‘स्वेच्छेने’. हे ज्याने लिहिलं त्याला त्यातला विनोद जाणवला नसणार. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि तो शब्द गेला. कलम ८७ अल्पवयीनांसाठी स्वतंत्र आहे. प्रतिनिधीने, म्हणजे मुलाच्या पालकाने, अर्ज करायचा. मग दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि ही तपासणी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. घरी राहून उपचार शक्य नाहीत हे दिसायला हवं. मुलाची इच्छा समजत असेल तर ती विचारात घ्यायची. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, आणि इतर आजारांच्या मुलांना रुग्णालयात जी सोय मिळते तिच्यापेक्षा कमी दर्जाची सोय चालणार नाही. प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेला सोबती पूर्ण मुक्काम मुलाजवळ राहणार, कोणत्याही परिस्थितीत. दाखल केल्याची खबर ७२ तासांत याच कायद्याने नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. ३० दिवस उलटले की मंडळाने सात दिवसांत फेरविचार करायचा, पुढे दर ३० दिवसांनी पुन्हा. अल्पवयीनांना विजेचे झटके देण्यास कलम ९५ ने मनाई केली आहे. अगदीच लागले तर पालकाची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही हवं. कलम ९७ म्हणतं की कोणालाही एकट्याला कोंडून ठेवायचं नाही. बांधून ठेवायचं तर तात्काळ होणारी इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही.

कायद्यातली सोबत्याची अट ही आपली अस्सल देशी गोष्ट आहे, तिच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटबरोबर घरच्यांना राहायला लावलं. पुढे बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आणि इतरत्रही घरच्यांनी सोबत राहण्याची रीत रुजली. जगात जिथे मनोरुग्णालय म्हणजे उंच भिंत आणि भेटीचे तास, तिथे आपल्याकडे आई डबा घेऊन पलंगाशेजारी चटई टाकते. मी त्या चटईवर तेवीस रात्री झोपले आहे. पाठ मोडते, पण मी तिथे नसते तर कडीचा छडा कधी लागला नसता.

तर कच कुठे? कायद्याने मुलाचा आवाज पालकाच्या घशात बसवला आहे. दाखल करण्याचा अर्ज पालक करतो. उपचाराला संमती पालक देतो. घरी न्यायची मागणीही पालकच करतो आणि ती केली की मुलाला सोडावंच लागतं. मूल स्वतः तसं म्हणालं तर त्याच्या म्हणण्याला वेगळं वजन नाही. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल तर मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं, पण ते मंडळाला कळायला हवं. तेवीस वर्षांच्या माणसाला जी विचारणा आहे, ‘तुला उपचार समजले का, त्यांचे परिणाम समजले का, तू ठरवू शकतोस का’, ती सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला कायदा करत नाही. मुक्कामातच अठरावा वाढदिवस आला तर मात्र कलम ८८ प्रमाणे ती ‘स्वतंत्र रुग्ण’ होते. म्हणजे रात्री बारापर्यंत बापाची सही, बारा वाजून एक मिनिटांनी तिची.

आणि मंडळाचं ते फेरविचाराचं काम? कमीत कमी काय करायचं तर मंडळाने फाइल पाहायची. मुलाची मुलाखत ‘आवश्यक असल्यास’ घेता येईल.

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. ज्या फाइलीत वॉर्डाच्या चुका मुलाचा स्वभाव म्हणून नोंदल्या जातात, ती वाचून मंडळ ठरवणार की मुलाशी बोलणं आवश्यक आहे का. ‘अटेन्शन सीकिंग’ असा शेरा ठळक असेल तर मुलाखतीची गरज कमीच भासेल, कारण हिचं ऐकून काय मिळणार हे फाइलीनेच सांगून टाकलेलं असतं. बरं, भाचीसारखं चोवीस दिवसांत घरी गेलेलं मूल तर या फेरविचारापर्यंत पोचतच नाही. पहिल्या खबरीनंतर मंडळाला मुलाला भेटायचा अधिकार आहे, पण अधिकार आहे म्हणून कुणी येतंच असं नाही. आमच्याकडे कुणी आलं नाही. महाराष्ट्रात तर हा कायदाच नीट राबवला जावा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तिथे मंडळाच्या सदस्याने वॉर्डात येऊन पंधरा वर्षांच्या मुलीजवळ स्टूल ओढून बसावं ही अपेक्षा मीसुद्धा त्या वेळी केली नव्हती. असं कुणी असतं हेच मला माहीत नव्हतं.

पालक असताना मुलाला आणखी कशाला वकील हवा, असं वाटणं स्वाभाविक आहे. मलाही तसंच वाटायचं. पण वॉर्डात पालकाची काय अवस्था असते ते मी माझ्या भावाच्या रूपाने पाहिलं. बँकेत बड्या गिऱ्हाइकाला न घाबरणारा माणूस, राउंडच्या वेळी हात मागे बांधून उभा राहायचा. औषध बदललं तर का बदललं हे विचारायचा नाही. ‘डॉक्टर रागावले आणि घेऊन जा म्हणाले तर?’ एवढीच त्याची भीती. ती अगदीच खोटीही नव्हती, कारण मुलांसाठी वेगळे मानसोपचार वॉर्ड आपल्याकडे इतके थोडे आहेत की एक दार बंद झालं तर दुसरं कुठे ठोठवायचं हा प्रश्नच असतो. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. (बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. आपण आपल्या मुलांचा हिशोब इतरांच्या मुलांवरून करतो.) एवढी मुलं आणि मूठभर पलंग, तर पालक पलंग सांभाळतो. शिवाय मूल इथे का आलं याचं एक उत्तर त्याच्या स्वतःच्या घरात असू शकतं, ही शंकाही त्याला कुरतडत असते. अशा माणसाने मुलाच्या वतीने तक्रार करावी? माझ्या भावाने पोरीलाच हात जोडले, ‘बाळा, त्यांचं ऐक ना, म्हणजे लवकर सोडतील.’ दुबळ्या पालकाच्या तोंडून वॉर्डच बोलत असतो.

इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथे पालक बाहेर असतात. मिडल्सब्रो गावातलं वेस्ट लेन हे मुलांचं मनोरुग्णालय २०१९ मध्ये बंद करावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी मुलींना फरशीवरून फरफटत नेल्याचं सीसीटीव्हीत सापडलं होतं आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांना निलंबित केलं होतं. तिथे उपचार घेतलेल्या तीन मुली जून २०१९ ते फेब्रुवारी २०२० या आठ महिन्यांच्या आत मरण पावल्या. दोघी सतराच्या, तिसरी नुकती अठरा पूर्ण झालेली आणि तोवर दुसऱ्या रुग्णालयात हलवलेली. २०२२ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र चौकशीचे अहवाल आले, त्यांत शंभराहून अधिक त्रुटी नोंदवल्या आहेत. मुली सांगत होत्या, घरचे सांगत होते. ऐकून घेणारी माणसं आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार ती माणसं एकाच छपराखाली होती. त्याच २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या मानवी हक्क समितीने, बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या तरुण मुलांना रुग्णालयांत कसं डांबून ठेवलं जातं यावर अहवाल दिला. त्यातलं एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही: जे घरचे उपाय ठरायला हवेत त्यांनाच अडचण मानलं जातं. मुलानंतर दोषाची पाळी आईबापांची.

म्हणजे पालक आत घ्या किंवा बाहेर ठेवा, मूल काय म्हणतं हे विचारायची वेगळी व्यवस्था नसेल तर गाडी तिथेच अडते.

इंग्लंडच्या कायद्यात एक आणखी मासलेवाईक गोष्ट आहे. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने गिलिक खटल्यात ठरवलं की सोळाच्या आतल्या मुलालाही पुरेशी समज असेल तर ते स्वतः उपचाराला संमती देऊ शकतं. सगळ्यांनी कौतुक केलं. सातच वर्षांनी, १९९२ मध्ये, खाणं सोडण्याचा आजार असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. तिने दुसरीकडे हलवायला नकार दिला होता. न्यायालयाने नकार बाजूला सारला आणि कारण देताना म्हटलं की बरं होऊ नये असं वाटणं हा या आजाराचाच भाग आहे. ‘हो’ म्हणालं तर ती समज, ‘नाही’ म्हणालं तर तो आजार.

हा निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या मुलीचं वजन झपाट्याने घटत होतं आणि न्यायाधीशांना तिचा जीव वाचवायचा होता. आजार माणसाच्या तोंडून बोलतो हे खरं आहे. माझ्या भाचीच्या तोंडूनही तो बोलत होता, दाखल केलं तेव्हा तर निव्वळ तोच बोलत होता, आणि त्या दिवशी आम्ही तिचं ऐकलं असतं तर आज मी हे लिहायला बसले नसते. पण पाण्याच्या बाबतीत आजार नव्हे, ती बोलत होती. दोन्ही नकार बाहेरून सारखेच दिसतात, भिंतीकडे वळवलेलं तोंड तेच असतं. नकार लक्षण असू शकतो, म्हणून तर विचारायचं. उत्तर आधीच ठरवून टाकलं की हा फरक कळायचा रस्ताच बंद.

आणि नाही विचारलं तर किती काळ झाकून राहू शकतं याचं उदाहरण शिकागोचं. ब्रूनो बेटलहाइम १९४४ पासून जवळजवळ तीन दशकं तिथल्या ऑर्थोजेनिक स्कूल या मुलांच्या निवासी उपचारसंस्थेचे प्रमुख होते. मुलांना समजून घेणारा मोठा माणूस म्हणून त्यांचा जगभर दबदबा. मुलांच्या स्वमग्नतेचं खापर त्यांनी आयांच्या थंडपणावर फोडलं आणि एका पिढीच्या आयांनी तो दोष डोक्यावर वाहिला. १९९० मध्ये ते वारले. त्यानंतर त्या शाळेत वाढलेली माणसं पुढे येऊन वर्तमानपत्रांतून लिहू लागली की ते मारायचे, चारचौघांत अपमान करायचे. सगळ्यांचं म्हणणं एक नव्हतं, काहींनी त्यांची बाजूही घेतली. पण लिहिणारी माणसं तोवर चांगली पोक्त झालेली होती. लहानपणी त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, कारण त्या संस्थेत असणं हाच त्यांचा शब्द भरवशाचा नसल्याचा दाखला होता.

आता सिस्टरच्या बाजूने बोलते, नाहीतर ती सकाळची भली बाई मला माफ करणार नाही. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असायचा. मोठ्यांच्या बाजूला कुणी आरडाओरडा करत असे, कुणाला सलाइन, कुणाचा नातेवाईक भांडायला आलेला. काही अघटित घडलं तर पहिला जाब तिलाच. अशा वेळी ‘पाणी का पीत नाहीस’ हे दहा मिनिटं बसून विचारणं हा तिच्यासाठी चैनीचा प्रकार असतो, आणि ‘अटेन्शन सीकिंग’ लिहायला दोन सेकंद लागतात. लिहिलं की विषय मिटतो, काळजीही मिटते: मूल मुद्दाम करत असेल तर आपलं काही चुकलं नाही. दोष देणं हा थकलेल्या माणसाचा विसावा असतो. मी स्वतः तो घेतला होता आणि माझ्यावर तर एकाच मुलीची जबाबदारी होती. म्हणून सिस्टरांना संवेदनशीलतेची कार्यशाळा हा उपाय मला पटत नाही. चार वाजता चहा-बिस्किटं होतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि रात्री पुन्हा एक सिस्टर, अख्खा वॉर्ड.

आपल्याच देशात एका वेगळ्या कायद्याने हे कोडं सोडवलेलं आहे आणि मला नवल वाटतं की दवाखान्याच्या संदर्भात ते कुणी आठवत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसाने गणवेशात यायचं नाही, आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती जवळ असू द्यायची, आणि जबाब ‘मूल जसं बोललं तसा’ लिहायचा. शब्द हवालदाराचे नाहीत, मुलाचे. पोलीस ठाण्याकडून आपण हे मागतो. मग वॉर्डाकडून का मागू नये? प्रत्येक ड्युटीच्या नोंदीत एक ओळ मुलाची असावी, अवतरणचिन्हात, मराठी तर मराठी, अहिराणी तर अहिराणी. ‘पाणी पीत नाही’ याच्यापुढे ‘विचारलं असता म्हणाली: …’ एवढं. विचारलंच नसेल तर जागा कोरी दिसेल, आणि ती कोरी जागा मंडळाला फाइलीतल्या इतर कशाहीपेक्षा जास्त सांगेल. बांधून ठेवलं असेल तेव्हा तर हे हवंच. का बांधलं याचं समर्थन लिहिण्याची सक्ती आज आहे, बांधलेल्या मुलाचं म्हणणं लिहिण्याची नाही.

आणि ‘आवश्यक असल्यास’ हे शब्द काढून टाकावेत. मुलाला भेटणं हेच फेरविचाराचं पहिलं काम, फाइल नंतर. ते तिसाव्या दिवसावरही ढकलू नये. ७२ तासांची खबर आली की आठवड्याच्या आत मंडळातर्फे कुणीतरी जाऊन मुलाशी एकट्याने बोलावं, सिस्टरच्या आणि सोबत्याच्याही कानाआड. हो, आत्याच्याही. मंडळात न्यायाधीश, डॉक्टर आणि जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी यांच्याबरोबर स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या किंवा तशा माणसाची काळजी घेणाऱ्या सदस्यांसाठी कायद्यानेच जागा ठेवली आहे. या कामाला त्यांच्याइतकं लायक कोण? १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याचा बारावा अनुच्छेद सांगतो की मुलाला स्वतःशी संबंधित बाबतीत म्हणणं मांडायचा हक्क आहे, आणि पंचविसावा उपचारासाठी ठेवलेल्या मुलाच्या नियमित फेरविचाराबद्दल आहे. आपण दोन्ही मान्य केले आणि दोघांची गाठ घालायची विसरलो.

मुलं खोटं सांगतील, घरी जाण्यासाठी काहीही सांगतील, असा आक्षेप मला एका ओळखीच्या डॉक्टरांनी घेतला. सांगतीलही. मोठी माणसं सांगत नाहीत का? ऐकणं म्हणजे मानणं नव्हे. आणि मला हेही माहीत आहे की मंडळाचा माणूस पाचव्या दिवशी आला असता तर भाचीने त्याला कडीचं सांगितलं असतंच असं नाही. आत्याला सांगायलाही तिला सहा दिवस आणि अंधार लागला. पण कुणीतरी परकं माणूस आपल्यासाठी म्हणून आलं, त्याने वडिलांकडे न बघता आपल्याकडे बघून विचारलं आणि आठ दिवसांनी पुन्हा आलं, तर दुसऱ्या खेपेला काय सांगितलं असतं कोण जाणे.

चोविसाव्या दिवशी सुट्टी मिळाली. भाऊ बिल भरायला गेला आणि मी डिस्चार्ज कार्ड वाचत बाकावर बसले. औषधांची नावं, पुढच्या भेटीची तारीख, मग एक ओळ: ‘इनिशियली अनकोऑपरेटिव्ह, रिफ्यूझ्ड फ्लुइड्स. इम्प्रूव्ह्ड विथ मेडिकेशन. ओरल इनटेक गुड.’ मी काउंटरवर जाऊन म्हटलं, इथे दाराला कडी नव्हती हे लिहाल का? पलीकडच्या मुलाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विनयाने म्हणाला, ‘मॅडम, यात तसा कॉलम नाहीये.’ भाची मागे उभी होती. हातात पाण्याची बाटली, ती तेव्हापासून सगळीकडे बरोबर ठेवते. म्हणाली, ‘चल आत्या, रिक्षा थांबलीय.’